खिशातली यंत्रं (भाग ६) : पाम घ्यावा की सायॉन?

गेल्या भागात आपण कॅसिओच्या डिजिटल डायरीपाशी थांबलो होतो. त्यानंतर वाचकांकडून जे प्रश्न आले, त्यांत दोन पुन्हा पुन्हा दिसतात. एक म्हणजे, वडिलांचा किंवा काकांचा जुना पाम कपाटात सापडलाय, त्यातल्या नोंदी काढता येतील का? आणि दुसरा, फोनपासून जरा लांब राहायचं म्हणून असा एखादा ऑर्गनायझर आज विकत घ्यावा का, घ्यायचा तर कोणता? माझ्या मते दोन्ही ठिकाणी बघायचं ते एकच. हातात मावणाऱ्या या यंत्रांची पारख वेगावरून किंवा मेमरीवरून करू नये. माहिती आत कशी जाते आणि बाहेर कशी निघते, ते बघावं.

आधी आत कशी जाते ते घेऊ, कारण या यंत्रांचं नशीब त्यावरच ठरलं. अ‍ॅपलचं न्यूटन मेसेजपॅड १९९३मध्ये बाजारात आलं. त्याच्या आदल्या वर्षी जानेवारीत अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख जॉन स्कली यांनी ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’ हे नाव वापरलं आणि पुढे या सगळ्या जातीलाच पीडीए म्हणायची पद्धत पडली. न्यूटनने आश्वासन मोठं दिलं होतं. तुम्ही तुमच्या अक्षरात लिहायचं, ते ओळखायचं काम यंत्राचं. पहिल्या मॉडेलमध्ये ही ओळख इतकी चुकायची की अमेरिकेतल्या ‘डून्सबरी’ या वृत्तपत्रीय चित्रमालिकेने तिची टर उडवली. नंतरच्या मॉडेलांत ती पुष्कळ सुधारली, पण गेलेलं नाव परत आलं नाही. १९९८च्या फेब्रुवारीत अ‍ॅपलने न्यूटन बंद केलं.

पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी नेमकी उलट वाट धरली. यंत्र बनवण्याआधी त्यांनी शर्टाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा तयार केला आणि तो बरोबर बाळगायला सुरुवात केली. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा, काडीने त्यावर लिहिल्यासारखं करायचं आणि आपल्याला तो खरोखर कशाकशासाठी काढावा लागतो ते बघायचं. हा ठोकळा आज कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. त्यातून १९९६च्या मार्चमध्ये पामचा जो पायलट १००० आला, त्यात अवघी १२८ केबी मेमरी होती, पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, किंमत २९९ डॉलर. कागदावर त्याची माहिती वाचली तर त्यात दिपून जाण्यासारखं काही नाही. पण खाली चार बटणं होती: तारखा, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं. यंत्र बंद असताना त्यातलं कुठलंही दाबलं की ते चालू होऊन थेट तेच पान समोर येई. मधे थांबणं नाही. इतकी साधी, इतकी नेमकी रचना मी त्यानंतरच्या फार थोड्या वस्तूंत पाहिली आहे.

आणि लिहिण्यासाठी होती ग्राफिटी. पडद्याखालच्या चौकोनात लेखणीने एकेक अक्षर काढायचं, डाव्या भागात अक्षरं, उजव्या भागात आकडे. जवळपास प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एका फटकाऱ्यात. ‘ए’ म्हणजे मधली आडवी रेघ नसलेला डोंगर. ‘टी’ म्हणजे आधी उजवीकडे आडवी रेघ, मग तिथूनच खाली. ‘एफ’ त्याच्या उलट, आधी डावीकडे, मग खाली. डावीकडून उजवीकडे रेघ ओढली की जागा सुटते, उजवीकडून डावीकडे ओढली की मागचं अक्षर पुसलं जातं. एका अक्षरावर दुसरं काढलं तरी चालतं, कारण यंत्राला फक्त फटकारा समजतो. बहुतेकांचा हात एखाद्या दुपारी बसतो. घासून घासून तो चौकोन गुळगुळीत होई, म्हणून जुने वापरणारे त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावत. तिने काचेला ओरखडे पडत नाहीत आणि लेखणीला कागदासारखी पकड मिळते. आजही तोच उपाय सांगेन.

एक सूचना इथेच. ग्राफिटीबद्दल झेरॉक्सने १९९७मध्ये पेटंटचा खटला भरला, तो बरीच वर्षं रेंगाळला, आणि २००३मध्ये पामने ग्राफिटी २ आणली. तिच्यात ‘टी’, ‘के’, ‘एक्स’ अशा काही अक्षरांना दोन फटकारे लागतात. माझं मत विचाराल तर जुन्या ग्राफिटीचंच मॉडेल शोधा. एका फटकाऱ्याची लय मोडली की लिहिण्याचा वेग आणि आनंद दोन्ही जातात.

ज्यांना लांब लिहायचं असतं, टिपणं, रोजनिशी, लेखाचा कच्चा मसुदा, त्यांनी मात्र पामच्या नादी लागू नये. त्यांच्यासाठी सायॉन. या ब्रिटिश कंपनीचा पहिला ऑर्गनायझर १९८४चा, म्हणजे पामच्या कितीतरी आधीचा. १९९७च्या सीरिज ५चं झाकण उघडलं की कीबोर्ड पुढे सरकतो आणि पडदा त्याच्या मागच्या बाजूला टेकून पक्का बसतो. बोट लावलं तरी यंत्र मागे कलंडत नाही. दोन्ही हातांनी खरोखर टाइप करता येतं. सायॉनच्या एपॉक या प्रणालीतूनच पुढे सिम्बियन तयार झाली आणि नोकियाच्या फोनमधून ती आपल्याकडे असंख्य खिशांत गेली. फक्त जुना सायॉन घेताना एक तपासणी सोडू नका. सीरिज ५मध्ये पडद्याला जोडणारी चपटी केबल उघड-मिटीने तडकते आणि पडद्यावर रेघा येतात किंवा चित्रच जातं. झाकण चार-पाच वेळा सावकाश उघडून मिटून पडद्याकडे लक्ष ठेवा. सीरिज ३मध्ये बिजागरीच्या बाजूचं प्लास्टिक तुटतं, तेही बघा.

‘पॉकेट पीसी का नको?’ असंही काहींनी विचारलंय. त्या जातीतला, २०००मध्ये आलेला कॉम्पॅकचा आयपॅक पाहिला तर रंगीत पडदा, २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, सगळंच पामपेक्षा वरचढ. तरी आज तो घेऊ नये. त्याची बॅटरी आतली, चार्ज करायची. इतक्या वर्षांनी ती मेलेली असणार, आणि ती मेली की माहितीही गेली.

यावरून सेलचा विषय निघतो आणि तो मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण जुनी यंत्रं बहुधा इथेच फसतात. पायलट, पाम थ्री, थ्रीएक्स, एम१००, पामचीच प्रणाली वापरणारा हँडस्प्रिंगचा व्हायझर ही मंडळी रिमोटमध्ये घालतो त्या दोन बारीक सेलांवर चालतात, आणि ते सेल आठवडेच्या आठवडे पुरतात. सायॉनला दोन पेन्सिल सेल लागतात आणि जोडीला आधाराचा एक बटण सेल असतो. असं मॉडेल कधीही कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणून जिवंत करता येतं. पाम फाइव्ह दिसायला या सगळ्यांत देखणा, ॲल्युमिनिअमचा, सडपातळ. पण त्याची बॅटरी आत बंद आणि कवच गोंदाने चिकटवलेलं. उघडायला ते तापवावं लागतं. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पहिल्यांदाच घेणाऱ्याने पाम थ्रीएक्स किंवा व्हायझर बघावा.

सेल बदलताना क्रम पाळा. या पामची सगळी माहिती चालू मेमरीत असते. सेल काढल्यावर आतल्या कपॅसिटरच्या जोरावर ती साधारण मिनिटभर तग धरते, त्याहून जास्त भरवसा ठेवू नये. म्हणून आधी कॉम्प्युटरशी हॉटसिंक करून, म्हणजे नोंदींची प्रत त्यावर उतरवून घ्या, नवे सेल वेष्टणातून काढून हाताशी ठेवा, आणि मगच जुने काढा. कॅसिओच्या किंवा सायॉनच्या यंत्रात मुख्य सेल आणि आधाराचा बटण सेल एकदम कधीही काढू नका. आणि यंत्र ठेवून द्यायचं असेल तर सेल काढूनच ठेवा. पाझरलेल्या सेलचा पांढरट-हिरवा थर स्प्रिंगवर चढला असेल तर कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून तो हळूहळू सुटतो, मग जागा नीट पुसून कोरडी करायची.

आता कपाटात सापडलेल्या पामचं. वर जे सांगितलं त्यावरून लक्षात आलं असेलच: सेल संपून वर्षं लोटली असतील तर त्या यंत्रात आता काही उरलेलं नाही. दुरुस्तीवाल्याकडे ते नेण्यात अर्थ नाही. शोधायचा असेल तर त्या वेळचा कॉम्प्युटर शोधा. हॉटसिंकचं बटण दाबलं की पाममधल्या सगळ्या नोंदींची पूर्ण प्रत कॉम्प्युटरवरच्या पाम डेस्कटॉपमध्ये उतरत असे. जुनी हार्ड डिस्क, एखादी जुनी सीडी, कुठेतरी ‘पाम’ नावाचा फोल्डर आणि त्यात वापरणाऱ्याच्या नावाचा उपफोल्डर सापडला तर आशा आहे. जुन्या विंडोजवर पाम डेस्कटॉप चालवून पत्ते व्हीकार्डच्या स्वरूपात बाहेर काढता येतात, आणि व्हीकार्ड आजचा कुठलाही फोन वाचतो. यंत्र २००४च्या अखेरीस किंवा त्यानंतर आलेलं असेल, म्हणजे टंगस्टन टी५, टंगस्टन ई२, टीएक्स किंवा ट्रिओ ६५०, तर गोष्ट वेगळी. त्यांतली माहिती बॅटरी गेली तरी टिकते. चार्जर मिळवा आणि चालू करून बघा.

नवा वापर सुरू करणाऱ्यांनीही बाहेर निघण्याची वाट पहिल्याच दिवशी तपासावी. जुन्या पामचा पाळणा, म्हणजे यंत्र कॉम्प्युटरशी जोडायची बैठक, नऊ पिनांच्या सीरियल पोर्टला लागतो. तो आता कॉम्प्युटरला नसतो, यूएसबीचं कन्व्हर्टर घ्यावं लागतं. व्हायझरचा पाळणा यूएसबीचाच, पण ६४ बिटच्या विंडोजवर त्याची जोडणी अडते. लिनक्स वापरणाऱ्यांना जे-पायलट या प्रोग्रॅमची सोय आहे.

देवनागरीचा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. पामवर मराठी लिहिता येत नाही. ग्राफिटी रोमन अक्षरांची, फॉन्टही त्याच लिपीचे. तेव्हाच्या मराठी माणसाने सगळं रोमनमध्येच लिहिलं, आणि अडचण फक्त लिपीची नव्हती. पामची पत्त्यांची वही आडनावाने लावलेली असते. आपल्या ओळखी तशा नसतात. सुमनमावशी, बंडूकाका, गॅसवाले, शाळेतले जोशी सर. यांतल्या निम्म्या लोकांचं आडनाव आपल्याला आठवत नाही किंवा कधी लागतच नाही. यावर उपाय सोपा आहे: ज्या नावाने हाक मारता तेच आडनावाच्या रकान्यात लिहा आणि खरं नाव खालच्या टिपणात ठेवा. शोधताना पहिली दोन-तीन अक्षरं काढली की नोंद वर येते. एका नावाचं स्पेलिंग घरात एकच ठरवून घ्या, नाहीतर एकदा ‘डब्ल्यू’ने लिहिलेले वैद्य पुढच्या वेळी ‘व्ही’खाली सापडणार नाहीत.

तिथींचंही तसंच. पामची तारीखवही ‘दर महिन्याचा दुसरा मंगळवार’ आपोआप लावून देते, संकष्टी लावू शकत नाही. तिथीने होणारे वाढदिवस, श्राद्धं, उपास हे वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर समोर ठेवून एकेक करून भरावे लागतात. तास-दीड तासाचं काम आहे, पण एकदा भरलं की वर्षभर आठवण वेळेवर होते.

आपल्या भाषांचा विचार सुरुवातीपासून करणारं यंत्र भारतात झालं होतं, हे इथे सांगायलाच हवं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एनकोर कंपनीतले अभियंते यांनी मिळून सिम्प्युटर रचला. २००१मध्ये तो लोकांसमोर आला. लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवणारा. ज्याला यंत्र विकत घेणं परवडत नाही त्याच्याकडे फक्त स्मार्ट कार्ड असावं आणि गावातल्या एकाच यंत्रात प्रत्येकाने आपलं कार्ड घालून आपली माहिती पाहावी, ही त्यामागची कल्पना. २००४मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला अमिडा सिम्प्युटर बाजारात आला. तो फार चालला नाही. त्याच सुमारास मोबाइल झपाट्याने स्वस्त होत होता. तरी मूळ प्रश्न योग्य विचारला होता, याचा मला आदर वाटतो. यंत्र इंग्रजी न येणाऱ्याच्या हातात पडलं तर तो त्यात काय आणि कसं भरेल, हा विचार करून पामची किंवा सायॉनची रचना झालेली नव्हती.

उरलेले प्रश्न थोडक्यात. पाम अडकला तर मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण दाबा; पाम थ्रीच्या धातूच्या लेखणीचं टोपण फिरवून काढलं की आत त्यासाठीचीच टाचणी असते. असं रीसेट केल्याने माहिती जात नाही. पण चालू-बंदचं बटण धरून ठेवून रीसेट केलंत आणि पुढच्या सूचनेला होकार दिलात, तर सगळं पुसलं जातं. विकताना किंवा कुणाला देताना हेच करा. नोंदींवर ‘खासगी’ अशी खूण केली असली तरी तेवढ्यावर विसंबू नका. घेण्याआधी ग्राफिटी जमते का हे बघायचं असेल, तर इंटरनेट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर पामचे जुने प्रोग्रॅम ब्राउझरमध्येच चालवून बघता येतात.

आणि तारखा चालतील का? सध्या चालतात. पामची तारीखवही वर्ष १९०४पासून मोजते आणि त्यासाठी तिच्याकडे सात बिट आहेत, म्हणजे ० ते १२७. त्यामुळे शेवटचं वर्ष २०३१. त्यानंतरची भेट तिच्यात लिहिता येत नाही.

पुढच्या भागात फोन आणि ऑर्गनायझर एकाच कवचात आले तो काळ: नोकियाचा कम्युनिकेटर आणि हँडस्प्रिंगचा ट्रिओ.