झळाळी आणि जपणूक

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे वाहनांची पूजा होते. आदल्या दिवशी ती धुऊनपुसून लख्ख करावयाची, सकाळी झेंडूची माळ घालावयाची, कुंकवाचे बोट लावावयाचे, चाकापुढे नारळ फोडावयाचा, हा परिपाठ गोव्यातील वाड्यावाड्यांवर आजही चालू आहे. ज्या वाहनावर आपले पोट चालते त्याविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याची ही रीत किती हृद्य आहे! परंतु कृतज्ञतेला ज्ञानाची जोड नसेल तर सेवेचा अपाय कसा होतो, याचा अनुभव आम्हां चौघा विद्यार्थ्यांस गेल्या दसऱ्याला आला. तो अनुभव, आणि त्यानंतर आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी आम्हांस जे समजावून दिले ते, वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या वाड्यावर एक मोटारसायकल पायलट राहतात. भाडे घेऊन उतारूंना मोटारसायकलवरून पोहोचविणाऱ्यास गोव्यात पायलट म्हणतात, हे येथील वाचकांस सांगणे नकोच. काळ्या गाडीचे पिवळे मडगार्ड दिसले की बाजारातून सामान घेऊन परतणारी गृहिणी हात करते. या पायलटकाकांची गाडी आपण दसऱ्यासाठी उजळून द्यावी, असे आम्हां चौघांच्या मनात आले. काकांनी मोठ्या विश्वासाने गाडी आमच्या हवाली केली.

मग काय विचारता! घरातील भांडी घासण्याची पूड आणि नारळाचा काथ्या घेऊन आम्ही टाकी घासली. इंजिनाच्या पांढऱ्या धातूवर धुण्याच्या सोड्याचे दाट पाणी ओतले. शेवटी टायर काळेभोर दिसावेत म्हणून खोबरेल तेलाचा बोळा दोन्ही चाकांवर सढळ हाताने फिरविला. सायंकाळच्या दिव्यात गाडी चकाकत होती आणि आम्ही स्वतःवर खूश होतो. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ हे आम्हांस अद्याप उमगावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून काका देवळाच्या उतारावर निघाले. वळणावर त्यांनी पुढचा ब्रेक दाबला, पण तो लागेना. टायरवरचे तेल ओघळून ब्रेकच्या तबकडीवर उतरले होते. गाडी चिऱ्यांच्या गडग्यावर जाऊन आदळली. वेग कमी होता व मागे उतारू नव्हता, म्हणून कोपर खरचटण्यावर निभावले. तेल प्यालेले ब्रेकपॅड निकामी झाल्याने ते बदलावे लागले आणि गाडी तीन दिवस घरी उभी राहिली. ऐन सणाच्या दिवसांतील तीन दिवसांची कमाई बुडाली. उन्हात पाहतो तो टाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे, आणि इंजिनाच्या धातूवर राखाडी डाग! काका आम्हांस रागे भरले नाहीत. त्यामुळे तर आम्ही अधिकच खजील झालो.

शाळा उघडताच आम्ही गुरुजींपुढे अपराध कबूल केला. गुरुजी म्हणाले, “तुम्ही साधने कशी निवडली?” आम्ही म्हणालो, “घरात होती ती घेतली.” त्यावर ते हसून म्हणाले, “आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आधी तीन प्रश्न विचारावेत. हा पृष्ठभाग कशाचा आहे? त्यावरचा मळ कशाचा आहे? आणि हाती घेतलेले साधन मळ काढते, पृष्ठभाग काढते, की त्यावर काही चढविते?” पुढे आम्हांस जे कळले ते सारे या तीन प्रश्नांचे उत्तर होय.

प्रथम मळाचा विचार करू. आपल्या तांबड्या धुळीत लोहाची ऑक्साइडे व माती असते, तसेच गारगोटीचे सूक्ष्म कणही असतात. १८१२ साली फ्रीडरिख मोस या शास्त्रज्ञाने खनिजांच्या कठीणपणाची जी श्रेणी तयार केली, तीत हिऱ्याचा क्रमांक १० व गारगोटीचा ७ आहे. साधी काच सुमारे ५.५ वर येते आणि गाडीचा रंग तर काचेहून कितीतरी मऊ. तेव्हा धुळीने भरलेली टाकी कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे तिच्यावर कानस चालविणेच होय. म्हणून पहिले व सर्वांत स्वस्त साधन म्हणजे भरपूर स्वच्छ पाणी. इंजिन थंड झाल्यावर, गाडी सावलीत उभी करून, वरून खाली पाणी सोडावे आणि धूळ आपोआप वाहू द्यावी. पाण्याचा जोरकस फवारा मात्र चाकांच्या बेअरिंगवर रोखू नये. त्याने आतील ग्रीस निघून पाणी शिरते.

तेलकट मळ निव्वळ पाण्याने निघत नाही; तेथे साबण हवा. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते व दुसरे तेलाकडे. तेलाकडील टोके मळाच्या कणाला वेढतात आणि पाण्याकडील टोके त्यास पाण्यात ओढून नेतात. हे काम वाहनांसाठीचा सौम्य शांपू करतो व भांड्यांची पूडही करते. मग भेद कशात? पुडीत पुष्कळदा घासण्यासाठी दगडाची भुकटी असते आणि चिकटा काढण्यासाठी धुण्याचा सोडा असतो. भुकटीने रंगावर ओरखडे उठतात. सोड्याच्या द्रावाचा सामू ११ च्या आसपास जातो. आणि अ‍ॅल्युमिनियमचे रक्षण करणारा ऑक्साइडचा पातळ थर सामू सुमारे ४ ते ९ यांच्या दरम्यान असेल तोवरच टिकतो. अ‍ॅल्युमिनियम हे आम्लातही विरघळते व आम्लारीतही, हे आम्ही पुस्तकात पाठ केले होते. इंजिनाच्या राखाडी डागांत ते प्रत्यक्ष पाहिले! याच कारणाने तांब्यापितळेची भांडी उजळणारी चिंचही येथे उपयोगाची नाही. तात्पर्य, शांपू घेताना बाटलीवर सामू उदासीन, म्हणजे ७ च्या जवळ, असल्याचा उल्लेख आहे काय ते पाहावे. धुताना दोन बालद्या ठेवाव्यात, एक साबणाच्या पाण्याची व दुसरी फडके खळबळण्याची. नाहीतर खाली बसलेली वाळू पुन्हा टाकीवर येते.

आता झळाळीकडे वळू. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाशाचे नियमित परावर्तन होते, म्हणून तो चकाकतो. ओरखडे उठले की परावर्तन अनियमित होऊन तोच पृष्ठभाग निस्तेज दिसतो. चकाकी ही वरून लावावयाची वस्तू नसून पृष्ठभागाच्या सपाटपणाचे ते फळ आहे. दुकानात एकाच फळीवर मांडलेल्या बाटल्यांतील भेद ओळखावयाचा तो येथेच. कंपाउंड व पॉलिश यांत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडासारखी बारीक पूड असते. ती ओरखड्याभोवतालचा रंग झिजवून पृष्ठभाग सपाट करते. कंपाउंड भरड, पॉलिश बारीक. मेण मात्र काही काढीत नाही. ते पातळ थर देऊन पाणी व धूळ यांस दूर ठेवते. म्हणजे पॉलिश हे औषध आणि मेण हे पांघरूण. औषध रोज घ्यावयाचे नसते!

रंगावरील पारदर्शक लाखेचा थर किती जाड असतो, याची वाचकांस कल्पना आहे काय? तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो. या अंकाचा कागदच सुमारे १०० मायक्रॉनांचा असेल. त्याच्याही निम्म्याएवढ्या थरावर गाडीच्या रंगाची सारी भिस्त! दर वेळी पॉलिश केले की त्यातील थोडा अंश कायमचा जातो. म्हणून आरंभ सर्वांत सौम्य साधनापासून करावा, आणि तेवढ्याने भागले तर तेथेच थांबावे. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवावे. नख अडकले तर तो पॉलिशने जाण्यापलीकडचा आहे असे समजून त्याचा नाद सोडावा. ज्या गाडीचा रंग मुळातच चकाकी नसलेला आहे, तिला पॉलिश लावूच नये. ठिकठिकाणी चकाकणारे डाग पडतात व ते परत घालविता येत नाहीत.

मेणांपैकी कार्नोबा हे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्नोबा ८२ ते ८६ अंशांपर्यंत टिकते. म्हणूनच उन्हात उभ्या राहणाऱ्या काळ्या टाकीला ते मानवते. परंतु सायलेन्सरचे तापमान याहून पुष्कळ वर जाते. तेथे लावलेले मेण वितळून जळते आणि त्याचे डाग पडतात. कृत्रिम बहुवारिकांचे लेपही मिळतात व ते मेणाहून अधिक काळ टिकतात. कोणताही लेप स्वच्छ, कोरड्या रंगावरच द्यावा. मळावर मेण लावणे म्हणजे मळाचे जतन करणे होय.

गोव्यासारख्या किनारपट्टीच्या प्रदेशात धातूंचा खरा शत्रू आहे खारा वारा. लोखंडावर निकेलचा व त्यावर क्रोमियमचा मुलामा असतो. हा क्रोमियमचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असून त्यात डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा असतात. मिठातील क्लोराइड त्यांतून आत शिरते आणि आतले लोखंड तांबेऱ्याच्या ठिपक्यांनी वर येते. भरड पुडीने घासल्यास मुलामाच झिजून जातो. यावर उपाय साधा आहे. समुद्रकाठाहून आल्यावर गोड्या पाण्याने गाडी धुवावी, ती पूर्ण कोरडी करावी आणि क्रोमवर हलका मेणाचा हात द्यावा.

शेवटी आमच्या सर्वांत मोठ्या चुकीकडे येतो. टायर, ब्रेक व बैठक ही चकाकण्याची स्थाने नव्हेत, धरून ठेवण्याची आहेत. ब्रेक लागतो तो घर्षणाने आणि टायर रस्ता धरतो तोही घर्षणाने. तेल, मेण व सिलिकोन हे घर्षणाचे वैरी. यांपैकी काहीही तबकडीला किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कदापि लावू नये. तबकडी केवळ त्यासाठी मिळणाऱ्या ब्रेक क्लीनरने पुसावी. बैठकीला चकाकीचा द्रव लावला तर ब्रेक दाबताच मागचा उतारू पुढे घसरतो. चेन साफ करण्यासाठी रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडविलेला ब्रश फिरवून ती पुसावी आणि मग चेनचे तेल द्यावे. पेट्रोल वापरू नये. ते चटकन पेट घेते आणि चेनमधील रबराच्या कड्या बिघडवते. हे काम करताना इंजिन बंदच असावे व चाक हाताने फिरवावे. चालत्या इंजिनाने फिरणाऱ्या चेनमध्ये फडके अडकले तर बोटे जातात. धुण्याचे पाणी झरीत, विहिरीजवळ किंवा नदीत जाऊ देऊ नये, हेही विसरू नये.

एवढ्या विवेचनानंतर खरेदीची यादी पाहिली तर ती आश्चर्य वाटण्याइतकी लहान होते. उदासीन सामूचा शांपू, दोन बालद्या, तीनचार मऊ मायक्रोफायबरची फडकी, मेणाची एक डबी, चेनचा ब्रश व तेल. पॉलिशची लहान बाटली लागलीच तर घ्यावी आणि कोणतेही नवे साधन आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावे. फडकीही वेगवेगळी असावीत. चेनचे फडके टाकीला लागता कामा नये.

पुढच्याच रविवारी आम्ही पुन्हा काकांच्या अंगणात गेलो. या वेळी खाऊचे पैसे जमवून योग्य ती साधने नेली होती. गुरुजी बाकावर बसून पाहत होते. बारीक पॉलिशने टाकीवरील बरेचसे जाळे गेले. दोन खोल ओरखडे आमच्या नखाला अडकले, म्हणून ते तसेच ठेवले. इंजिनाचे डागही फिकटले नाहीत. टायरना फक्त साबणपाणी लावले. काम संपल्यावर काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पण टाकीकडे पाहिले नाही. ते खाली वाकले, तबकडीवर कोरडे बोट फिरविले आणि ते उजेडात धरून पाहिले. मग म्हणाले, “भुरग्यांनो, आता खरी उजळली.”

त्या दोन ओरखड्यांवरून आजही शाळेच्या वाटेवर आम्ही ती गाडी दुरून ओळखतो.