चूक कबूल झाली, पुढे काय?



ऊस वेळेवर तुटला नाही की कास्तकाराचं वजनही जातं आणि मनही. उभ्या उसाला तुरे येतात, ऊस वाळतो, आणि सभेत उत्तर मिळतं, "टोळ्याच आल्या नाहीत, आमचा काय दोष?" त्यावर आर्वीच्या बाजारात जे बोललं जातं ते इथे छापण्यासारखं नसतं!

अशा वेळी आम्हाला वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळची एक सभा आठवते. २४ जानेवारी १९७८ रोजी तिथे इंदिरा गांधींनी आणीबाणीतील अतिरेकाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. चुका इतरांच्या हातून झाल्या असल्या तरी उत्तर आपण द्यायचे, असा त्यांचा रोख होता. मार्च १९७७ मध्ये त्या रायबरेलीत ५५ हजारांवर मतांनी हरल्या होत्या. विदर्भ मात्र तेव्हाही बराचसा त्यांच्या बाजूचा. आपल्या माणसांपुढे चूक मानणं सोपं, असं कोणी म्हणेल. आम्हाला उलट वाटतं. मान खाली घालणं तिथेच जड जातं.

महिनाभराने विधानसभेत त्यांच्या नव्या पक्षाला ६२ जागा मिळाल्या, त्यांत विदर्भाचा वाटा मोठा. १९८० मध्ये लोकसभेच्या ३५३ जागा घेऊन त्या परतल्या. जनता पक्षातली भांडणं त्यामागे होतीच. सगळं श्रेय एका भाषणाला देता येत नाही.

पण माफीबरोबर कुलूपही बदललं गेलं होतं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र उठाव' हे शब्द घातले, आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असणं सक्तीचं केलं.

आपल्याकडेही असंच व्हावं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते व्याज मागणारा सभासद कारखान्याचा वैरी नव्हे. लावणीच्या नोंदीप्रमाणे तोडणीचा क्रम फलकावर लागावा. कोणाचा ऊस मध्येच आधी तुटला तर कारणही तिथेच लिहावं. आणि चुकलं तर अध्यक्षांनी सभेत "माझं चुकलं" म्हणावं; "आमचं" नव्हे. तसं म्हटल्यावर सभासदांनी तीच गोष्ट दर सभेला उकरून काढू नये. इतिवृत्तात मात्र ती लिहून घ्यावी.

येत्या सर्वसाधारण सभेला येताना आपली लावणीची नोंदपावती सोबत आणा.