प्रमस्तिष्क बाह्यकाच्या जाडीचे मापन

प्रमस्तिष्क बाह्यकाची जाडी म्हणजे मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर असलेल्या करड्या द्रव्याच्या थराची जाडी होय. खालच्या श्वेत द्रव्याची सीमा आणि वरच्या मृदुतानिका या आवरणाची सीमा यांमधील अंतर म्हणून ती मोजली जाते. माणसात हे अंतर साधारणतः १ ते ४.५ मिमी. असून त्याची सरासरी सुमारे २.५ मिमी. आहे. जिवंत व्यक्तीत ते एमआरआय प्रतिमांवरून संगणकाच्या साहाय्याने काढले जाते. मेंदूची वाढ, वार्धक्य, स्मृतिभ्रंश, अपस्मार इत्यादींच्या अभ्यासात या मापाचा मोठा उपयोग होतो. मात्र ते ऊतकावर पट्टी ठेवून घेतलेले माप नसून प्रतिमेतील उजळपणावरून आखलेल्या दोन पृष्ठांमधील अंतर असते. या मापाविषयीचे बहुतेक वाद याच गोष्टीतून निर्माण झाले आहेत.

पूर्वपीठिका

बाह्यक सर्वत्र सारखा जाड नसतो, हे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासातून विसाव्या शतकाच्या आरंभीच स्पष्ट झाले होते. कोर्बिनिआन ब्रोडमान यांनी १९०९ मध्ये पेशींच्या रचनेवरून बाह्यकाचे विभाग पाडून त्यांना क्रमांक दिले. कॉन्स्टांटिन फॉन इकोनोमो व गेओर्ग कोस्किनास यांच्या १९२५ मधील ग्रंथात विभागवार जाडीची मोजमापे आढळतात आणि ती आजही तुलनेसाठी वापरली जातात. जाडीतील फरकाचे ठळक उदाहरण म्हणजे मध्य सीता ही खाच. तिच्या पुढच्या भिंतीतील हालचालींशी संबंधित बाह्यक जाड असतो, तर समोरासमोरच असलेल्या मागच्या भिंतीतील स्पर्शसंवेदनेचा बाह्यक बराच पातळ असतो.

ऊतकाच्या छेदावर मोजमाप करण्यात दोन अडचणी होत्या. मृत्यूनंतर रसायनांत ठेवलेला मेंदू आकसतो, ही एक. दुसरी अडचण भूमितीची आहे. बाह्यकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाचांमध्ये दडलेला असल्याने एकाच दिशेने घेतलेला छेद तो क्वचितच काटकोनात कापतो. पोळीची घडी तिरकी कापली असता तिची कड प्रत्यक्षापेक्षा रुंद दिसते, तसेच तिरक्या छेदात बाह्यक अधिक जाड भासतो. सपाट प्रतिमेवर हाताने रेषा आखून मोजतानाही हीच चूक होते. म्हणून मापन त्रिमितीत करणे आवश्यक ठरते.

पृष्ठांची आखणी

नेहमीच्या टी-१ प्रकारच्या प्रतिमेत श्वेत द्रव्य उजळ, करडे द्रव्य मध्यम आणि मस्तिष्क-मेरुद्रव गडद दिसतो. अशी प्रतिमा सामान्यतः १ मिमी. बाजूच्या घनांची, म्हणजे व्हॉक्सेलांची बनलेली असते. त्यामुळे बाह्यकाच्या जाडीत जेमतेम दोन-तीन व्हॉक्सेल बसतात आणि सीमेवरच्या व्हॉक्सेलमध्ये दोन्ही प्रकारचे द्रव्य मिसळलेले असते. नुसते व्हॉक्सेल मोजून मिळणारे उत्तर त्यामुळे फारच स्थूल ठरते.

यावरील सर्वांत प्रचलित उपाय अँडर्स डेल, ब्रूस फिशल व मार्टिन सेरेनो यांनी १९९९ मध्ये मांडला. फ्रीसर्फर ही मुक्त संगणकप्रणाली त्यावर आधारलेली आहे. तिच्यात प्रथम श्वेत द्रव्य वेगळे करून त्याच्या सीमेवर लहान त्रिकोणांची जाळी पसरली जाते. प्रत्येक गोलार्धाच्या जाळीत एक लाखाहून अधिक शिरोबिंदू असू शकतात. जाळीत चुकून राहिलेली छिद्रे व पूल दुरुस्त केले जातात, कारण गोलार्धाचा बाह्यक ही घड्या पडलेली, पण अखंड चादर मानली जाते. त्यानंतर हीच जाळी बाहेरच्या दिशेने सरकवली जाते आणि करडे द्रव्य संपून गडद द्रव सुरू होतो तेथे थांबवली जाते. सीमा शोधताना शेजारच्या व्हॉक्सेलांमधील उजळपणाचा क्रमिक बदल विचारात घेतला जातो आणि पृष्ठ गुळगुळीत राहील अशी अट असते. त्यामुळे पृष्ठाची जागा व्हॉक्सेलच्या आकारापेक्षा सूक्ष्म पातळीवर ठरवता येते.

दोन्ही पृष्ठे मिळाली तरी त्यांच्यातील 'अंतर' कशाला म्हणावे, हा प्रश्न उरतोच, कारण वक्र पृष्ठे समांतर नसतात. फिशल व डेल यांनी २००० मध्ये वापरलेल्या व्याख्येनुसार आतल्या पृष्ठापासून बाहेरच्या पृष्ठापर्यंतचे आणि बाहेरच्यापासून आतल्यापर्यंतचे लघुतम अंतर काढून त्यांची सरासरी घेतली जाते. त्याच वर्षी मांडलेल्या दुसऱ्या एका पद्धतीत दोन पृष्ठांना वेगवेगळे विद्युत्-विभव असल्याची कल्पना करून लाप्लासचे समीकरण सोडवले जाते व मिळणाऱ्या बलरेषांची लांबी ही जाडी मानली जाते. या रेषा एकमेकींना छेदत नाहीत, हा तिचा मोठा गुण आहे. एकाच मेंदूसाठी दोन पद्धतींची उत्तरे वेगळी येऊ शकतात, म्हणून वेगवेगळ्या प्रणालींनी काढलेले आकडे थेट एकमेकांशेजारी ठेवणे योग्य नसते.

खोलीचे मापन

या क्षेत्रात 'खोली' हा शब्द दोन अर्थांनी येतो. पहिल्या अर्थी ती खाचेची, म्हणजे सीतेची खोली असते. मेंदूभोवती ताणून बसवलेल्या कल्पित आवरणापासून खाचेतील बिंदू किती आत आहे, हे तीवरून कळते. फ्रीसर्फरमध्ये घड्या पडलेली जाळी फुगवताना प्रत्येक बिंदू किती सरकला यावरून असेच एक मूल्य काढले जाते. ते घड्या जुळवण्यासाठी उपयुक्त असले, तरी शब्दशः खोली नव्हे.

दुसऱ्या अर्थी खोली म्हणजे बाह्यकाच्या आतील स्थान होय. बाह्यकाच्या बहुतेक भागात पेशींचे सहा थर असतात. घडीच्या माथ्यावर खालचे थर जाड व वरचे पातळ होतात. खाचेच्या तळाशी याच्या उलट घडते. थरांचे आकारमान कायम राहून त्यांची जाडी वक्रतेनुसार बदलते, असे बोक यांनी १९२९ मध्ये दाखवले. म्हणून जाडीचे समान भाग पाडण्याऐवजी समान आकारमानाचे भाग पाडणारी पद्धत थरांच्या अधिक जवळ जाते. ७ टेस्ला क्षमतेच्या यंत्रांवर वेगवेगळ्या थरांतील क्रिया अभ्यासताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

मापातील दोष

रोगामुळे होणारा फरक बहुधा मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो आणि मापनातील दोषही कधीकधी त्याच प्रमाणात असतात. तपासणीच्या वेळी डोके हलल्यास प्रतिमा पुसट होऊन बाह्यक पातळ मोजला जातो, असे २०१५ मधील एका अभ्यासात दिसून आले. लहान मुले, वृद्ध आणि कंप असलेले रुग्ण अधिक हालचाल करतात. साहजिकच ज्या गटांची तुलना करायची, त्यांच्यातच हा दोष असमान वाटला जातो. अधिक व्यक्तींच्या प्रतिमा घेऊन तो नाहीसा होत नाही. लगतच्या दृढतानिकेचा उजळपणा करड्या द्रव्यासारखा असल्याने काही ठिकाणी ती बाह्यकातच धरली जाते व जाडी फुगते. संगणकाचा प्रभावही नगण्य नाही. फ्रीसर्फरच्या आवृत्त्या बदलून त्याच प्रतिमा पुन्हा तपासल्या असता जाडीत सरासरी २.८ टक्के फरक पडल्याचे २०१२ मध्ये आढळले.

याहून मूलभूत प्रश्न जैविक आहे. बालपणात बाह्यक पातळ होत जातो, याचे कारण चेतापेशींमधील अनावश्यक जोडण्यांची छाटणी असे दीर्घकाळ सांगितले जाई. परंतु या वयात बाह्यकाच्या खालच्या भागातील तंतूंवर मायलिनचे वेष्टण वाढते, तो भाग प्रतिमेत उजळ दिसू लागतो आणि आखलेली सीमा वर सरकते. दृष्टीशी संबंधित बाह्यकाच्या काही भागांत दिसणारे पातळ होणे मायलिनवाढीशी निगडित असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले. म्हणजे ऊतक घटले नसतानाही आकडा घटू शकतो.

उपयोग

अल्झायमर विकारात एंटोऱ्हायनल बाह्यक आणि त्यालगतचे भाग लवकर पातळ होतात. अपस्माराच्या काही रुग्णांत याउलट बाह्यकाचा जन्मजात सदोष भाग जाड असतो व शस्त्रक्रियेपूर्वी तो शोधण्यासाठी जाडीचे नकाशे मदत करतात. २०२२ मध्ये सुमारे १,२३,००० प्रतिमांवरून तयार केलेल्या वाढीच्या आलेखांनुसार बाह्यकाची सरासरी जाडी वयाच्या १.७ वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असते. या प्रतिमांत युरोप व उत्तर अमेरिकेतील व्यक्तींचे प्रमाण मोठे असल्याने इतर लोकसमूहांना हे आलेख जसेच्या तसे लावता येत नाहीत. गटांच्या सरासरीतील फरक दाखवणे आणि एका रुग्णाच्या एकाच तपासणीवरून निदान करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी जाडीचा आकडा लक्षणे व इतर चाचण्यांच्या जोडीनेच विचारात घेतला जातो.