खिशातली तीन लाख पोती

सप्टेंबरात मानवत-पाथरीकडच्या काळ्या रानात सोयाबीन शेंगेत भरत असतं आणि नेमका तेव्हाच एखादा पाऊस असा येतो की बांध दिसेनासा होतो. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी जिल्ह्याने तसा पाऊस पाहिला. पाणी ओसरलं की शेतकरी चिखल तुडवत रानात जातो आणि खिशातला फोन काढतो. पीक विम्यात तेव्हा अशा नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यायची असे आणि ती ॲपवरून दिली तर सोबत फोटो लागे. पेऱ्याची नोंदसुद्धा १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर, आपल्याच रानात उभं राहून, फोटो काढून करायची. अशा वेळी त्या पडद्यावर पाटी उमटते: स्टोरेज फुल.

फोन जुनापुराणा असतो असंही नाही. हल्ली बेताच्या किमतीच्या अँड्रॉइड फोनच्या खोक्यावरही १२८ जीबी छापलेलं असतं. १२८ हा आकडा दिसायलाच इतका लहान की तो भरला याचं कुणाला नवल वाटत नाही. मला वाटतं, घोळ इथेच होतो. 'जीबी' या दोन अक्षरांनी पुढची सगळी शून्यं गिळून टाकली आहेत. ती एकदा बाहेर काढून खळ्यावर पसरून पाहायला हवीत.

फोन जे काही साठवतो ते 'आहे' आणि 'नाही' या दोनच खुणांत. एक खूण म्हणजे एक बिट. आठ बिटांचा एक बाइट, शंभर कोटी बाइटांचा एक जीबी. आता दर बिटामागे ज्वारीचा एक दाणा टाकत जाऊ. दाणा आपल्याच मातीतला घेऊ. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती' नावाचा वाणच दिला आहे. टपोऱ्या ज्वारीच्या शंभर दाण्यांचं वजन साधारण ३ ग्रॅम धरलं, तर एका जीबीला ८०० कोटी दाणे लागतात, म्हणजे २४० टन. १२८ जीबीला ३०,७२० टन. क्विंटलाचं पोतं धरलं तर ३ लाख ७ हजार २०० पोती. दहा टनी ट्रकांत भरली तर तीन हजारांवर ट्रक, आणि ते मोंढ्याबाहेर एकामागे एक लावले तर तीस किलोमीटरची रांग. एवढा माल सदऱ्याच्या वरच्या खिशात मावतो आणि वाकलं की खाली पडतो.

दाण्यांची ही संख्या अंकांत लिहायची तर एकावर बारा शून्यं, आणि वर थोडे. तिला आपल्याकडे नाव आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त संख्यांची उतरंड दिली: लक्ष, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व अशी चढत चढत ती महापद्मापाशी येते. महापद्म म्हणजे एकावर बारा शून्यं. (भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांसाठी पाठशाळा काढली, तिचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, म्हणजे ही मोजणी काही परक्या मुलखातली नाही.) एका फोनमध्ये एक महापद्म बिट. सेकंदाला एक दाणा या वेगाने मोजत बसलं, झोपेशिवाय, जेवणाशिवाय, तर बत्तीस हजार वर्षं जातील. शेतीचा शोध लागून अजून त्याच्या निम्मीही वर्षं झालेली नाहीत.

भास्कराचार्यांची उतरंड महापद्मावर थांबत नाही. पुढे शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध: एकावर सतरा शून्यं. त्यापुढे त्यांनी नाव दिलेलं नाही. परार्ध म्हणजे महापद्माची लाख पट. आता २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार ८६ होती. त्यात दर अठरा माणसांमागे १२८ जीबीचा एकच फोन धरला, तरी एक लाख फोन होतात. एक लाख फोन म्हणजे पुरता एक परार्ध. जिंतूरपासून सोनपेठपर्यंत आणि सेलूपासून पालमपर्यंत नऊ तालुक्यांच्या खिशांत भास्कराचार्यांची शेवटची संख्या भरून पावली. त्या लाख फोनांच्या बिटांएवढी ज्वारी टाकायची तर तीनशे कोटी टन लागेल. साऱ्या पृथ्वीवर गहू, तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी मिळून वर्षभरात जेवढं तृणधान्य पिकतं, ते जवळजवळ एवढंच असतं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण म्हणत आलो. या हिशेबाने सगळ्या जगाचं धान्य एका परभणीच्या खिशात आहे.

एवढं मावतं कसं? १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी काढली. तिच्यात सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवतात. वीज गेली तरी ते कोंडलेले राहतात, म्हणून बॅटरी उतरली तरी फोटो पुसला जात नाही. आजच्या फोनांत बहुधा एका कप्प्यात तीन बिट ठेवतात. मापट्यात धान्य किती भरलंय हे कडेच्या आठ खुणांवरून ओळखावं, तशा कप्प्यातल्या विजेच्या आठ पातळ्या ओळखल्या जातात. तरी कप्पे लागतात ३४ हजार कोटी, आणि ते सगळे बोटाच्या नखाएवढ्या जागेत, थरावर थर रचलेले. माणसाच्या हातून याहून दाट रचलेली वस्तू क्वचितच झाली असेल.

मग हे भरतं कशाने?

शब्दांनी तर नाहीच. देवनागरीतली दर खूण, अक्षर असो की काना-वेलांटी, फोनमध्ये तीन बाइट घेते. 'परभणी' लिहायला १५ बाइट लागतात, 'गंगाखेड' लिहायला २१. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्या नावावरचे अभंग साडेतीनशेच्या आसपास. दर अभंगात सरासरी अडीचशे खुणा धरल्या तर जनाबाईंचं सगळं बोलणं पाव एमबीत बसतं. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या लहान असतात, त्या खुणेला तीन बाइट याच हिशेबाने दोन एमबीच्या आसपास येतात. आणि आपण भिंतीवरच्या पालीचा फोटो सहज काढला तर तो तीन-चार एमबीचा. १२८ जीबीत ६४ हजार ज्ञानेश्वऱ्या मावतील. ही तुलना करताना माझं मन दर वेळी थबकतं, कारण दळणकांडणाच्या घामातून आलेले ते साडेतीनशे अभंग दोन फॉरवर्ड चित्रांएवढीच जागा मागतात.

फॉरवर्ड चित्रांची बदनामी जुनी आहे. जानेवारी २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने भारतातल्या 'शुभ सकाळ'च्या चित्रांवर मोठी बातमीच केली होती. फुलं, उगवता सूर्य आणि सुविचार यांनी इथले फोन तुंबतात, असा तिचा सूर होता. त्याच्या महिनाभर आधी गुगलने फाइल्स गो हे ॲप आणलं होतं, ते अशी चित्रं हुडकून पुसायला सुचवायचं. तेव्हा फोन १६ किंवा ३२ जीबीचे असत, म्हणून ते खरंही होतं. पण आज हिशेब करून बघा. व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र दाबून लहान झालेलं असतं, समजा १५० केबी. अशी रोज वीस आली तरी वर्षाला १ जीबीच्या जरा वर. सकाळी आत्याने पाठवलेल्या गुलाबाच्या फुलाने १२८ जीबी भरायला शंभरावर वर्षं लागतील. त्या फुलावर मी तरी राग धरणार नाही.

खरं रान खातो तो व्हिडिओ. दहा एमबीचे पाच व्हिडिओ रोज आपोआप उतरले, तर वर्षाला १८ जीबी. ज्वारीत सांगायचं तर रोज बारा टन, म्हणजे एकशे वीस पोती, दारात येऊन पडतात आणि त्यातलं पसाभरसुद्धा कुणी निवडून बघत नाही. स्वतः चित्रण केलं तर वेग याहून जास्त: नेहमीच्या फुल एचडी दर्जात मिनिटाला सव्वाशे-दीडशे एमबी, म्हणजे वीस मिनिटांची हळद अडीच-तीन जीबी. ती हळद मात्र ठेवण्याजोगी आहे. गावच्या ग्रुपचा हिशेब वेगळाच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात आता १,०२४ माणसं बसतात. कुणीतरी १६ एमबीचा व्हिडिओ टाकला आणि सगळ्यांचं ऑटो-डाउनलोड चालू असलं, तर त्या एका बोटाच्या दाबाने हजार खिशांत मिळून १६ जीबी भरतात. तोच व्हिडिओ, हजार प्रती. टपालाच्या काळात एक पोस्टकार्ड पेठेतल्या चार घरी वाचून दाखवलं जायचं. इथे दर घराला अख्खं पोतं.

हे सगळं फोनमध्येच साचतं, कारण व्हॉट्सॲप पोचता केलेला निरोप आपल्याकडे ठेवत नाही, तो तुमच्या फोनवर राहतो. गॅलरीतला फोटो पाठवला की त्याची एक प्रत 'सेंट' नावाच्या फोल्डरात पडते, आणि सगळ्या गप्पांची रोजची नक्कलही गेल्या सात दिवसांची अशी फोनमध्येच असते. म्हणून जागा सोडवायची तर गॅलरीत एकेक फोटो पुसत बसण्यापेक्षा व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडावं. तिथे पाच एमबीहून मोठ्या आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. दहा मिनिटांत पाच-सात जीबी सुटणं अवघड नाही. ऑटो-डाउनलोड बंद करायचं तेही त्याच पानावरून.

पुष्कळांची तक्रार असते, फोटो पुसले तरी जागा सुटत नाही. कारण ते कचरापेटीत पडून असतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो तिथे ६० दिवस राहतो. पेटी रिकामी केल्याशिवाय खळं मोकळं होत नाही. आणि फोन काठोकाठ भरला की तो रेंगाळतो, त्याचं कारण त्या कप्प्यांच्या स्वभावात आहे. फ्लॅश मेमरीचा कारभार जुन्या पेवासारखा असतो. धान्य थोडं थोडं भरता येतं, पण पुसायचं म्हटलं की अख्खं पेव एकदम रिकामं करावं लागतं. आतलं चांगलं धान्य आधी दुसऱ्या मोकळ्या पेवात हलवायचं, मगच हे पेव साफ. मोकळं पेवच उरलं नाही तर आतल्या आत नुसती हलवाहलव चालते आणि कॅमेरा उघडायलाही वेळ लागतो. प्रत्येक पेव ठरावीक वेळाच रिकामं करता येतं, काही हजार वेळा, मग ते झिजतं. म्हणून दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवावी. पावसाळ्याआधी तर ठेवावीच, जसं आपण पेरणीआधी तिफण बघून ठेवतो.

आता पुन्हा २०२४ च्या त्या रानात. पाण्यात आडवं झालेलं सोयाबीन, मागे वाकडी झालेली बाभूळ, बांधावरचा दगड ओळखू यावा असा धरलेला कोन. हा फोटो ४ एमबीचा. ज्वारीत मोजला तर जेमतेम दहा पोती. तीन लाख पोत्यांच्या वखारीत दहा पोत्यांची जागा हवी आहे. कुणा दूरच्या शहरातल्या भांडणाचा तो १६ एमबीचा व्हिडिओ बोटाने दाबून धरला आणि पुसला, तर चाळीस सुटतात: चारही बांधांवरून एकेक फोटो निघतो, आणि ७२ तासांतले अजून बरेच उरलेले असतात.