नियमात बसतो, म्हणून पासवर्ड पक्का?

एक मोठं अक्षर, एक लहान अक्षर, एक आकडा, एक खूण आणि किमान बारा अक्षरं. बहुतेक कार्यालयांत पासवर्डच्या सुरक्षेचा विचार इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. ऑडिटच्या फॉर्मवर ‘पासवर्ड पॉलिसी आहे’ या ओळीपुढे टिक पडते आणि सगळे निश्चिंत होतात. पासवर्डबद्दलच्या गैरसमजांत सर्वांत महागात पडणारा हाच.

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानं, सरकारी जमिनी आणि धरणांचा कारभार पाहणारं ‘डिपार्टमेंट ऑफ द इंटिरिअर’ नावाचं खातं आहे. त्या खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयानं अधिकृतपणे पासवर्डची चाचणी केली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचा अहवाल जाहीर केला. १५ हजार डॉलरहून कमी खर्चात पासवर्ड फोडणारी यंत्रणा उभारली आणि ८५,९४४ चालू खात्यांचे हॅश, म्हणजे पासवर्डची साठवलेली सांकेतिक रूपं, तिच्यात घातले. पहिल्या दीड तासात १६ टक्के पासवर्ड हाती आले. शेवटी आकडा १८,१७४ वर, म्हणजे २१ टक्क्यांवर गेला. त्यांत २८८ खाती विशेष अधिकार असलेल्यांची होती आणि ३६२ वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांची. सर्वांत लोकप्रिय पासवर्ड होता ‘पासवर्ड-१२३४’. इंग्रजीत लिहिलेला, पहिलं अक्षर मोठं, मध्ये आडवी रेघ. तो ४७८ जणांनी ठेवला होता.

आता हा पासवर्ड नियमांना लावून पाहा. मोठं अक्षर आहे, लहान आहेत, आकडे आहेत, खूण आहे, लांबीही पुरते. फुटलेल्या पासवर्डपैकी ९९.९९ टक्के खात्याच्या नियमांत बसणारेच होते. नियम पाळले गेले होते. प्रश्न असा की नियम चुकीची गोष्ट मोजत होते. पासवर्ड फोडणारा माणूस सगळी अक्षरं उलटसुलट लावत बसत नाही. लोक पासवर्ड कसे रचतात याची त्याला माहिती असते, आणि तो तिथूनच सुरुवात करतो.

ही माहिती येते कुठून? फुटलेल्या याद्यांमधून. २००९ मध्ये रॉक-यू या कंपनीचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले, कारण ते जसेच्या तसे साठवलेले होते. त्यांतले वेगवेगळे सुमारे १ कोटी ४० लाख पासवर्ड काली लिनक्स या सुरक्षा-चाचणीच्या प्रणालीत आजही तयार यादी म्हणून मिळतात. आपल्याकडच्या कार्यालयाची चाचणी करणारा जाणकार त्यांत स्थानिक भर घालतो: देवांची नावं, गावांची नावं, कंपनीचं नाव, चालू वर्ष. गणपती, त्यापुढे अॅट आणि १२३ हा पासवर्ड इंग्रजी शब्दकोशात सापडणार नाही, पण पुण्या-मुंबईतल्या चाचणीत तो पहिल्या फळीतच तपासला पाहिजे.

यातली एकही गोष्ट नवी नाही, याचंच वाईट वाटतं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्सवरचे ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एकतर अगदी छोटे होते किंवा शब्दकोशासारख्या यादीत सापडणारे होते.

दुसरा गैरसमज लॉगिनच्या पडद्याबद्दलचा. ‘आमच्याकडे तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक होतं, मग कोण फोडणार?’ हे वाक्य या क्षेत्रातल्या प्रत्येकानं ऐकलेलं आहे. पण वरची चाचणी लॉगिनच्या पडद्यावर झालीच नाही. सर्व्हरवर पासवर्डऐवजी त्याचा हॅश साठवतात. हॅश उलटा फिरवून पासवर्ड मिळत नाही, हे खरं. पण हॅशची फाइल एकदा हातात आली की स्वतःच्या मशीनवर एकेक अंदाज घ्यायचा, त्याचा हॅश काढायचा आणि जुळतो का ते पाहायचं. तिथे लॉकआउट नाही, कुणाला इशारा जात नाही. विंडोजच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या एनटी हॅशला सॉल्टही, म्हणजे प्रत्येक पासवर्डमध्ये मिसळलेली वेगळी भरही, नसते, त्यामुळे दोघांचा पासवर्ड एक असेल तर हॅशही हुबेहूब एकच दिसतो.

शिवाय पडद्यावरही एका खात्यावर हजार पासवर्ड लावायची गरज नसते. एकच सोपा पासवर्ड हजार खात्यांवर लावला, तर कुठलंच खातं लॉक होत नाही. अधिकृत चाचणीत मात्र किती प्रयत्न, किती अंतरानं आणि कोणत्या वेळी, हे क्लायंटशी आधी ठरवावं लागतं. नाहीतर सोमवारी सकाळी अख्खं कार्यालय लॉक होऊन बसायचं.

‘हेतू चांगला असला की झालं’ हा तिसरा गैरसमज, आणि तरुण मुलांमध्ये तो फार दिसतो. २००० चा आपला माहिती तंत्रज्ञान कायदा आधी परवानगी विचारतो. मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरणं कलम ४३ खाली येतं. तेच अप्रामाणिकपणे केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानगीही योग्य माणसाची लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या डॅलस काउंटीच्या न्यायालयात चाचणीसाठी रात्री शिरलेल्या दोन सुरक्षा-परीक्षकांना अटक झाली. ती चाचणी पासवर्डची नव्हती, इमारतीच्या सुरक्षेची होती. करार राज्याच्या न्यायव्यवस्थेशी होता, इमारत मात्र काउंटीची. आरोप मागे घेतले जायला जानेवारी २०२० उजाडला. म्हणून करारात कोणती यंत्रणा, कोणत्या तारखा आणि कोणाची सही, हे स्पष्ट हवं. क्लाउडवर किंवा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर खाती असतील, तर हे दुपटीनं खरं.

कर्मचाऱ्यांना वेगळीच भीती असते: ‘आमचे पासवर्ड आता त्या लोकांना कळले.’ ती रास्त आहे आणि तिला उत्तर देणं परीक्षकाचं कर्तव्य आहे. कुणाचा पासवर्ड काय होता, हे अहवालात येता कामा नये. किती फुटले, कोणत्या धाटणीचे होते, किती खात्यांवर एकच होता, एवढं पुरे. ज्यांचे फुटले त्यांना ते बदलायला लावायचे आणि हॅशची प्रत करारानुसार नष्ट करायची. नावं वाचून दाखवून कुणाची फजिती करणाऱ्या परीक्षकाला मी पुन्हा दारात उभा करणार नाही.

दर ४५ किंवा ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं हाही जुनाच आग्रह. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची पासवर्डबद्दलची २००३ ची मार्गदर्शिका बिल बर यांनी लिहिली होती, आणि त्यातल्या बऱ्याच सल्ल्यांबद्दल त्यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे खंत व्यक्त केली. सक्तीनं बदलायला लावलं की लोक शेवटचा आकडा एकानं वाढवतात. निस्टनं २०१७ मध्येच सांगितलं: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला, खुणा-आकड्यांची सक्ती सोडा, लांब पासवर्डना वाव द्या आणि नवा पासवर्ड फुटलेल्या याद्यांशी ताडून पाहा. पासवर्डच्या जोडीला ओळख पटवणारा दुसरा घटकही हवाच. इंटिरिअर खात्याच्या २८ अतिमहत्त्वाच्या यंत्रणांपैकी २५ यंत्रणांत या दुसऱ्या घटकाची सक्ती प्रत्यक्षात होत नव्हती.

तुमच्या संस्थेचा पुढचा व्हीएपीटी, म्हणजे सुरक्षा-चाचणीचा, अहवाल हातात आला, तर ‘पॉलिसी आहे’ या ओळीवर थांबू नका. हॅश खरंच तपासले का, कोणत्या याद्या वापरल्या, मराठी नावं त्यांत होती का, आणि ती फाइल कुणी, कोणत्या तारखेला नष्ट केली, हे लेखी मागा.