मावशी खोटी, हाव खरी

ब्रँडन थॉमस यांचं ‘चार्लीज आंट’ १८९२ साली इंग्लंडमध्ये रंगभूमीवर आलं आणि एकट्या लंडनमध्ये त्याचे १,४६६ प्रयोग झाले. १९४० मध्ये आर्थर अ‍ॅस्कीला घेऊन ब्रिटनमध्ये त्यावर बेतलेला विनोदी चित्रपट निघाला. मराठीत आचार्य अत्र्यांनी त्याची ‘मोरूची मावशी’ केली, आणि १९८५ पासून विजय चव्हाणांनी ती मावशी घरोघरी पोहोचवली.

मूळ गोष्ट सोपी आहे. दोन विद्यार्थ्यांना आपापल्या प्रेयसीला जेवायला बोलवायचंय, पण घरात वडीलधारी बाई हवी. त्यांतल्या एकाची ब्राझीलची विधवा मावशी वेळेवर येत नाही, म्हणून मित्रालाच बायकी कपडे चढवले जातात. खरी गंमत पुढे आहे. नवऱ्याच्या मागे मावशी गडगंज झालेली. उलट एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या वाट्याला वारशात आलं ते कर्ज. मग ते आणि मुलींचा पालक, दोघेही या खोट्या ‘मावशी’ला मागणी घालतात. लोक हसतात ते वेशाला नव्हे, या लाळघोटेपणाला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सावलीच्या धानपट्ट्यात हा लाळघोटेपणा समजावून सांगावा लागत नाही. दिवाळी सरली, धान घरी आलं, की शंकरपटांबरोबर (बैलांच्या शर्यतींबरोबर) झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. देसाईगंज-वडशाच्या मंडळ्या गावोगाव फिरतात, पडदा रात्री उघडतो आणि प्रेक्षक उजाडल्यावर उठतात. खडी गंमत या लोकनाट्यात साडी नेसून नाचणारा पुरुष इथं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला. भावाभावांचे वाटे, शेतीवरून फुटलेली घरं हे इथल्या कौटुंबिक नाटकांचं हुकमी कथानक. आणि रडवणाऱ्या प्रवेशानंतर विनोदवीर आलाच पाहिजे, हा अलिखित करार. अशाच भूमिकांनी गाजलेले परशुराम खुणे २०२३ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले.

नाटकाबाहेर, प्रत्यक्षात जमिनीच्या वारसाची नोंद होते ती तलाठ्याकडच्या ‘सहा-क’ नोंदवहीत, मग फेरफारात, मग सातबारावर. तिथं तोतया मावशी टिकायची नाही. पण नाव चढण्याआधी घरात कोण कुणाशी गोड बोलू लागतं, हे कुठल्याच नमुन्यात नोंदवलं जात नाही. ती नोंद विनोदी नाटक ठेवतं. म्हणून अशा नाटकांना नुसता टाइमपास म्हणणं चूक आहे. या हंगामात जवळच्या गावात मंडप पडला, तर तिकीट काढून जा. आणि वाटणीवरून अबोला धरलेल्या भावालाही सोबत न्या.