गिटार इफेक्ट पेडल आणि ॲम्प्लिफायर

गिटार इफेक्ट पेडल हे विद्युत गिटारमधून निघणाऱ्या संकेतात बदल घडवून आणणारे आणि वादकाला पायाने चालू-बंद करता येणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. ते गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये जोडले जाते. स्वर खरखरीत किंवा धारदार करणे, त्यात प्रतिध्वनी मिसळणे, त्याला लहरता कंप देणे अशी कामे पेडल करते.

पेडलला स्वतःचा आवाज नसतो. गिटार, तार, पेडल, ॲम्प्लिफायर आणि ध्वनिक्षेपक मिळून एकच साखळी तयार होते आणि श्रोत्याच्या कानी पडतो तो या संपूर्ण साखळीचा परिणाम. म्हणूनच एकच पेडल दोन वेगळ्या ॲम्प्लिफायरना जोडले असता दोन वेगळे नाद ऐकू येतात. महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी आणि महाविद्यालयीन वाद्यवृंद यांतील वादक बहुधा भाड्याने आणलेल्या ध्वनियंत्रणेवर वाजवतात. पेडलची निवड करताना ते कोणत्या ॲम्प्लिफायरवर वाजणार आहे, हा प्रश्न त्यामुळे अधिक महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

गिटारच्या आवाजातील विकृती हा प्रथम दोष मानला जाई. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना ध्वनिमिश्रण यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बेस गिटारचा आवाज फाटका, गुरगुरता उमटला. तो आवाज लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच परिणाम मुद्दाम घडवणारे मंडल तयार केले. त्यातून 1962 साली गिब्सन कंपनीने ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल बाजारात आणले. 1965 साली ‘रोलिंग स्टोन्स’चे कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात ते वापरल्यावर त्याला मोठी मागणी आली.

1966 साली लंडनमध्ये ‘फझ फेस’ आणि 1967 साली ‘वा-वा’ पेडल विक्रीस आले. जपानच्या रोलंड कंपनीने 1976 साली ‘बॉस’ या नावाने ‘कोरस एन्सेंबल’ काढले. पुढच्याच वर्षी तिने आटोपशीर आकाराच्या पेडलांची मालिका सुरू केली. आज सर्वत्र दिसणारा पेडलचा आकार बहुतांशी याच मालिकेने रूढ केला.

महाराष्ट्रातील वापर

मुंबईतील हिंदी चित्रपटसंगीतामुळे विद्युत गिटार सर्वसामान्य श्रोत्यांच्या परिचयाची झाली. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (1971) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीतातील गिटारवादन पुढे गझलगायक म्हणून ख्याती पावलेल्या भूपिंदर सिंग यांचे आहे. मुंबईच्या धोबी तलाव भागातील ‘फुर्टाडोज’ हे 1865 साली स्थापन झालेले वाद्यांचे दुकान अनेक पिढ्यांच्या वादकांना परिचित आहे. मुंबईत 1984 साली स्थापन झालेला ‘रॉक मशीन’ (नंतरचे नाव ‘इंडस क्रीड’) हा वाद्यवृंद आणि 1986 साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव यांमुळे महाविद्यालयीन तरुणांत विद्युत गिटार रुजली.

पेडलांचा दुसरा आणि खास महाराष्ट्रीय वापर बेंजोवर होतो. येथे बेंजो म्हणजे अमेरिकी बँजो नव्हे, तर बुलबुलतरंग हे कळांचे तंतुवाद्य होय. 1912 साली जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी तयार केलेल्या ‘ताइशोगोतो’ या वाद्यापासून ते आले. पिकअप बसवलेला बेंजो गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत आणि वरातीत ॲम्प्लिफायरवर वाजवला जातो आणि त्याला गिटारचीच पेडले जोडली जातात. रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला ‘बँजो’ (2016) हा हिंदी चित्रपट याच वादकांच्या जीवनावर आधारलेला आहे. या लेखात गिटारविषयी सांगितलेले बहुतेक नियम अशा बेंजोलाही लागू पडतात.

पेडलांचे प्रकार

विकृती निर्माण करणारी पेडले : ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ ही याच वर्गातील चढत्या तीव्रतेची पेडले आहेत. संकेताची लहर ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवली की तिचे शेंडे छाटले जातात आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताने जवारी काढली असता स्वर उपस्वरांनी भरून येतो, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. दोन्हींची कारणे वेगळी असली, तरी स्वर दाट होण्यामागे उपस्वरांची समृद्धी हेच समान सूत्र आहे.

कंप देणारी पेडले : कोरस, फेझर, फ्लँजर आणि ट्रेमोलो यांचा यात समावेश होतो. कोरसमध्ये मूळ स्वरात त्याचीच किंचित उशिरा येणारी आणि किंचित वरखाली होणारी प्रत मिसळली जाते. त्यामुळे अनेक वाद्ये एकत्र वाजत असल्याचा भास होतो.

काळावर आधारलेली पेडले : डिले म्हणजे डोंगरकपारीत घातलेल्या सादेला मिळणारा स्पष्ट प्रतिध्वनी, तर रिव्हर्ब म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात रेंगाळणारा घुमारा.

अन्य पेडले : कॉम्प्रेसर मोठ्या आणि लहान आवाजातील अंतर कमी करतो. वा-वा आणि इक्वलायझर ध्वनीच्या विशिष्ट पट्ट्यांना उठाव देतात. ट्यूनर वाद्य सुरात लावण्यास मदत करतो.

ॲम्प्लिफायरनुसार निवड

स्वच्छ आवाजाचे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर : 85 वॉटचा ‘फेंडर ट्विन रिव्हर्ब’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. आवाज बराच वाढवला तरी तो फाटत नाही. त्यामुळे अशा ॲम्प्लिफायरवर जवळपास सर्व पेडले चालतात. मात्र त्याच्या स्वरात मधला पट्टा काहीसा दबलेला असतो. 1970च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये तयार झालेले ‘ट्यूब स्क्रीमर’ हे ओव्हरड्राइव्ह पेडल साधारण 700 हर्ट्झच्या आसपासचा मधला पट्टा उचलते आणि खर्ज कमी करते. त्यामुळे ही जोडी परस्परपूरक ठरते. याउलट ‘बिग मफ’ हे फझ पेडल मधला पट्टा आणखी दाबते. ते अशा ॲम्प्लिफायरवर एकटे वाजवताना भव्य वाटते, पण ढोलकी, कीबोर्ड आणि गायक सोबतीला आले की गिटार ऐकूच येत नाही.

लवकर फाटणारे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर : ‘व्हॉक्स एसी-30’ आणि जुने ‘मार्शल’ या गटात येतात. आवाज वाढवला की त्यांचे व्हॉल्व्ह स्वतःच विकृती निर्माण करू लागतात. येथे तीव्र डिस्टॉर्शन पेडल जोडल्यास छाटलेला संकेत पुन्हा छाटला जातो आणि स्वर गढूळ होतो. त्याऐवजी ओव्हरड्राइव्हची तीव्रता अगदी कमी आणि आवाज जास्त ठेवून ॲम्प्लिफायरलाच थोडे पुढे ढकलणे योग्य ठरते.

ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर : 1975 साली आलेला ‘रोलंड जॅझ कोरस-120’ हा याचा नमुना. त्याचा आवाज अतिशय स्वच्छ असून कोरस, डिले आणि रिव्हर्ब त्यावर खुलतात. मात्र स्वतः ॲम्प्लिफायरला मर्यादेपलीकडे नेल्यास ट्रान्झिस्टरची विकृती कानाला टोचते. म्हणून विकृती हवी असेल तर ती पेडलकडूनच घ्यावी लागते. ॲम्प्लिफायरला ‘इफेक्ट्स लूप’ची सोय असल्यास त्याची प्राथमिक पायरी टाळून संकेत थेट शक्तिवर्धक पायरीला देता येतो.

ध्वनिमिश्रक आणि सार्वजनिक ध्वनियंत्रणा : लग्नसमारंभात, जत्रेत किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात गिटारचा ॲम्प्लिफायर बहुधा नसतोच. गिटार थेट ध्वनिमिश्रकाला जोडली जाते. गिटार ॲम्प्लिफायरचा ध्वनिक्षेपक साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचे ध्वनी फारसे बाहेर सोडत नाही. सार्वजनिक यंत्रणेचे ध्वनिक्षेपक मात्र तेही सोडतात. त्यामुळे घरी गोड वाटणारे डिस्टॉर्शन पेडल तेथे माश्यांच्या घोंघावण्यासारखे ऐकू येते. यावर उपाय म्हणजे पेडलांच्या शेवटी कॅबिनेट सिम्युलेटर जोडणे किंवा ती सोय असलेला मल्टी-इफेक्ट प्रोसेसर वापरणे. सतत भाड्याच्या यंत्रणेवर वाजवणाऱ्यासाठी असे एक उपकरण चार सुट्या पेडलांपेक्षा उपयुक्त ठरते.

वॉट आणि आवाज

शक्ती दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ 3 डेसिबलने वाढतो. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी 10 डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. म्हणून 100 वॉटचा ॲम्प्लिफायर 10 वॉटच्या ॲम्प्लिफायरपेक्षा सुमारे दुप्पटच मोठा वाटतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 यांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबल ही मर्यादा आहे. मोठ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची नैसर्गिक विकृती एवढ्या कमी आवाजात मिळत नाही. घरी सराव करणाऱ्याला लहान ॲम्प्लिफायर आणि ओव्हरड्राइव्ह पेडल ही जोडी सोयीची पडते ती यामुळेच.

जोडणीचा क्रम

सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो : गिटार, ट्यूनर, फझ, वा-वा, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, कोरस किंवा फेझर, डिले, रिव्हर्ब आणि शेवटी ॲम्प्लिफायर. ॲम्प्लिफायरमधीलच विकृती वापरायची असल्यास डिले आणि रिव्हर्ब इफेक्ट्स लूपमध्ये जोडावेत. तसे न केल्यास प्रतिध्वनींसह सर्वच संकेत फाटतो आणि स्वर एकमेकांत मिसळून जातात. हा क्रम सोयीचा आहे, सक्तीचा नाही. जुन्या पद्धतीचे फझ पेडल मात्र गिटारला थेट जोडावे लागते. ट्यूनरमध्ये बफर असल्यास तो फझच्या पुढे न्यावा.

याचे कारण इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध, यात आहे. गिटारचा पिकअप दुर्बळ संकेत देतो. त्याला सुमारे 10 लाख ओहमचे आगम लागते. गिटार ॲम्प्लिफायरचे आगम तेवढेच असते. ध्वनिमिश्रकाच्या साध्या लाइन आगमाचा इम्पीडन्स बहुधा 10 हजार ओहमच्या आसपास असतो. गिटार तेथे थेट जोडल्यास संकेत दबतो आणि त्याचा तेजस्वीपणा जातो. लांब तारेमुळेही वरचे ध्वनी कमी होतात. बफर असलेले एखादे पेडल किंवा डीआय बॉक्स मध्ये ठेवल्यास हा तोटा टळतो. ‘ट्रू बायपास’ पेडल बंद असताना संकेताला हात लावत नाही, हा गुण असला तरी सर्व पेडले तशीच असतील तर लांब तारेचा दोष कायम राहतो.

वीजपुरवठा आणि हवामान

बहुतेक पेडलांना 9 व्होल्ट एकदिश प्रवाह लागतो. जोडणीच्या टोकाचा मधला भाग सहसा ऋण असतो. धन-ऋण उलटे जोडल्यास पेडल जळू शकते, म्हणून त्यावरील खूण पाहूनच ॲडॅप्टर जोडावा. साध्या ओव्हरड्राइव्हला 10 मिलिॲम्पिअरच्या आसपास, तर डिजिटल पेडलला शंभर ते तीनशे मिलिॲम्पिअर प्रवाह लागतो. ॲडॅप्टरची क्षमता सर्व पेडलांच्या एकूण गरजेपेक्षा जास्त असावी. बॅटरीवरील पेडलमध्ये आगमाला तार खोचलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. वादन संपताच ती तार काढावी.

जनित्रावर व्होल्टेज खालीवर होते आणि डिजिटल पेडल मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकते. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची फझ पेडले उष्णतेला संवेदनशील असतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा वेळी उघड्या मंचावर त्यांचा स्वर बिघडतो. तेथे सिलिकॉन ट्रान्झिस्टरचे पेडल अधिक भरवशाचे असते.

अर्थिंग आणि सुरक्षितता

गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायरचे अर्थिंग तुटलेले असून त्यात बिघाड झाला, तर 230 व्होल्टचा दाब तारांवर येऊ शकतो. ध्वनिमिश्रकाचे अर्थिंग नसल्यास तीच स्थिती मायक्रोफोनची होते. 1972 साली वेल्समधील स्वॉन्झी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वे यांचा अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मंचावरच मृत्यू झाला.

गुणगुण थांबवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याची प्रथा आढळते. ती जीवघेणी आहे. गुणगुण दोन अर्थिंगच्या वेटोळ्यामुळे होत असेल तर डीआय बॉक्सवरील ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण वापरावे. असे बटण फक्त संकेताच्या तारेतील जोड तोडते, विजेचे अर्थिंग कायम राहते. मंचावरील सर्व उपकरणे एकाच अर्थिंग असलेल्या जोडणीवरून चालवावीत आणि तिला 30 मिलिॲम्पिअरवर खंडित होणारा गळती-प्रवाह रोधक बसवावा. जनित्र असल्यास त्याचे अर्थिंग केले आहे याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून वाजवू नये. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर ध्वनिक्षेपक न जोडता कधीही चालू करू नये, कारण त्यामुळे त्याचा निर्गम ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

खरेदी करताना

नवोदित वादकाला ट्यूनर, एक ओव्हरड्राइव्ह आणि एक डिले एवढी पेडले पुरेशी होतात. दुकानात स्वतःची गिटार न्यावी आणि आपल्याकडे असलेल्या किंवा आपल्याला बहुधा मिळणाऱ्या प्रकारच्या ॲम्प्लिफायरवरच पेडल ऐकावे. दुकानातील महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर ऐकून घेतलेले पेडल घरच्या छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर निराश करू शकते. शक्य असल्यास प्रत्यक्ष वादनाच्या आवाजात आणि इतर वाद्यांच्या साथीत ते पारखावे. खर्च मर्यादित असेल तर आधी चांगला ॲम्प्लिफायर आणि योग्य तारा घेणे हितावह ठरते, कारण साखळीतील प्रत्येक पेडलचा आवाज शेवटी ॲम्प्लिफायरमधूनच बाहेर पडतो.